कपबोर्ड, लाकडी, नग एक

हॉस्पिटलमधून पत्र आलं तेव्हा बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. पाकीट आईने फोडलं, घरभर चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला. दोन ओळी वाचून तिने कागद मुलीच्या हातात दिला.

"बघ गं, काय म्हणतायत. काहीतरी हरवलंय त्यांचं."

बाबा त्या हॉस्पिटलच्या सुतारखात्यात मिस्त्री होते. त्यांची हत्यारांची पेटी अजून तिथेच होती, आणि ती घरच्यांना देण्याआधी बाबांच्या ताब्यातल्या वस्तूंची पडताळणी झाली होती. कामाची टेबलं दोन, जागेवर. शिडी, जागेवर. धार लावायचं यंत्र, जागेवर. शेवटची ओळ लाल पेनाने लिहिली होती: कपबोर्ड, लाकडी, नग एक. आढळला नाही. कर्मचाऱ्याने ही वस्तू घरी नेली असल्यास परत करावी, अथवा लेखी खुलासा द्यावा.

"घरी नेली असल्यास?" आईने ते शब्द पुन्हा म्हटले. "छत्तीस वर्षांत त्या माणसाने तिथला खिळा घरी आणला नाही. मला एक स्टूल हवं होतं तर लाकूड बाजारातून आणलं, आणि वर पावती जपून ठेवली, कुणी विचारलं तर दाखवायला. आणि आता म्हणे कपाट पळवलं! खिशात घालून आणलं की काय?"

मुलीने पत्र पुन्हा एकदा वाचलं. ती एका मोठ्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळायची. दिवसभर लोक तिला प्रश्न विचारायचे आणि ती उत्तर कुठल्या पानावर आहे ते सांगायची. या प्रश्नाचं उत्तर तिला पान न उघडता ठाऊक होतं, पण ते आईला कसं सांगावं कळेना.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो दूरच्या शहरात असायचा आणि लांबून सगळं पटापट मिटवायचा.

"मी बोललो त्या साहेबाशी. भला माणूस आहे. म्हणाला, 'जुना झाला, मोडला, टाकून दिला' एवढं लिहून द्या आणि पेटी घेऊन जा. तू जा आणि सही करून टाक."

"पण तो मोडलेला नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे तो कुठे आहे."

"कुठे?"

"भिंतीवर."

मग अगदी हळू आवाजात दादाने विचारलं, "तू जेवतेयस ना वेळेवर?"

*

ती सहावीत होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी बाबा घरी आले ते एक छापील फॉर्म घेऊन. सुरक्षा तपासणीवाल्यांनी फतवा काढला होता की भिंतीला ठोकलेली प्रत्येक वस्तू रजिस्टरात हवी; जी नसेल ती उखडून टाकायची. सुतारखात्यात भिंतीवर एकच गोष्ट होती. एक लांब फळी, आणि तिला खालून ठोकलेल्या खुंट्यांवर कामगारांचे चहाचे कप. फॉर्म इंग्रजीत होता आणि पहिलाच रकाना वस्तूच्या नावाचा.

"बाई, तुझं ते जाडं पुस्तक काढ," बाबा म्हणाले. "कप ठेवायच्या फळीला इंग्रजीत काय म्हणतात?"

जाडं पुस्तक म्हणजे शाळेत बक्षीस मिळालेला शब्दकोश. त्यात अर्थाखाली बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलेलं असायचं, आणि तिला अर्थापेक्षा ती बारीक अक्षरंच जास्त आवडायची.

"कपबोर्ड!" ती ओरडली.

"ते तर कपाट."

"आता कपाट. पण सहाशे वर्षांपूर्वी कपबोर्ड म्हणजे नुसती फळी. बोर्ड म्हणजे फळी, आणि तिच्यावर कप. उघडी असायची, बाबा. घरातली चांगली भांडी लोकांना दिसावीत म्हणून मांडायचे तिच्यावर. दारं नंतर आली, शंभर-सव्वाशे वर्षांनी."

"मग दारं आल्यावर नाव बदललं नाही?"

"नाही. तेच राहिलं."

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली. "म्हणजे कुणीतरी सुताराने दार लावलं, पण फळीचा मान ठेवला. शहाणी माणसं." आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं त्यांनी फॉर्मवर लिहिलं. उच्चार त्यांना मानवला नाही. इंग्रजीत प बोलायचा नसतो, कबर्ड म्हणायचं असतं, असं तिने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कपच काढून घेतला तर राहिलं काय? नुसती पाटी." ते शेवटपर्यंत कप-बोर्ड म्हणत राहिले, दोन तुकडे सांध्यात बसवल्यासारखे.

पुढे कॉलेजात गेल्यावर तिने त्यांना आणखी एक गंमत सांगितली होती. आपला कपाट हा शब्द संस्कृतातून आला आणि तिथे त्याचा अर्थ दार, दाराची फळी. बाबा खूश झाले. "म्हणजे आपण दारावरून नाव ठेवलं आणि त्यांनी फळीवरून. दोघांनी मिळून एक कपाट पुरं केलं म्हण की."

इथवरचं आठवायला तिला बरं वाटायचं. त्याच्या पुढचं नाही.

त्याच वर्षी कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. चहा झाला, आणि बाबा स्वयंपाकघरातल्या उघड्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "कप त्या कप-बोर्डावर ठेवा, पोरींनो." एक मैत्रीण फिसकन हसली. आणि ही म्हणाली, सगळ्यांसमोर, "बाबा, कबर्डला दारं असतात. त्याला शेल्फ म्हणतात."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "असं का? बरं."

त्यानंतर त्यांनी घरात तो शब्द कधी उच्चारला नाही. शेल्फ असंही कधी म्हणाले नाहीत. "तिकडे ठेव," एवढंच म्हणायचे.

*

सुतारखातं हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या पलीकडे होतं. दारातच चाक निघालेल्या तीन खाटा, पायमोडकी स्टुलं आणि कुबड्यांचा एक भारा पडला होता. आत भुशाचा आणि सरसाचा वास. बाबांच्या शर्टाला यायचा तो. ती उंबऱ्यातच थांबली.

"आली का डिक्शनरी!" रंगारीकाका ब्रश तसाच हातात धरून पुढे आले. लहानपणी ती इथे यायची आणि प्रत्येक हत्याराचं इंग्रजी नाव सांगत सुटायची, तेव्हा त्यांनीच ठेवलेलं हे नाव. "ये, बस. त्यावर नको, ते ओलं आहे. मागच्या महिन्यात एक डॉक्टर बसला, आठवडाभर हिरवा फिरत होता."

तिला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आलं, आणि त्याचा तिला थोडा रागही आला.

फळी समोरच होती. एका जुन्या वॉर्डाचं दार मोडीत निघालं तेव्हा बाबांनी त्यातून ती कापली होती. एका कडेला अजून बिजागरीच्या दोन खाचा दिसत होत्या. खाली अकरा खुंट्या, एक दुसरीसारखी नाही. इथला नियमच तसा होता. नव्या माणसाने स्वतःच्या हाताने खुंटी घडवायची, फळीला बसवायची, मगच त्याला पहिला चहा. वेल्डरची खुंटी लोखंडी सळईची. रंगाऱ्याची सात रंगांची. आणि दुसरा नियम असा की ज्याने कप लावला त्यानेच तो काढायचा. निवृत्त होणारा शेवटच्या दिवशी चहा पिऊन कप धुवायचा आणि घरी न्यायचा. खुंटी मागे राहायची.

डावीकडून तिसऱ्या खुंटीवर बाबांचा कप होता. पांढरा, कानाजवळ टवका उडालेला.

"असं याआधी कधी झालं नव्हतं," रंगारीकाका म्हणाले. "नोकरीत असताना कुणी गेलं नव्हतं. नियम तर मिस्त्रीचाच. मग आम्ही ठरवलं, धूळ पुसायची, पण उचलायचा नाही. आहे तिथेच पुसतो मी रोज."

"हे पत्र कुणी काढलं, काका?"

"नवा साहेब. दोन महिने झाले येऊन. वाईट नाही गं, पण सगळं त्या पाटीवर बघतो," त्यांनी हवेत बोट फिरवलं. "मागच्या आठवड्यात इथे येऊन तासभर कपाट शोधत होता. टेबलाखाली वाकला, मोरीत डोकावला. आम्हाला कुणाला कळेना काय शोधतोय. विचारलं तर म्हणाला, कबर्ड. आम्ही म्हटलं, इथे कबर्ड नाही. खरंच नाही ना! घरी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, तोवर पत्र निघालं होतं. मी सांगायला गेलो तर म्हणाला, वारसांशी बोलतो."

"साहेबांना इथे बोलवाल?"

"तूच जा की ऑफिसात."

"नाही. इथे."

साहेब आला. तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, काखेत टॅबलेट आणि हातात जुनं जाडजूड रजिस्टर. त्याने खरोखर वाईट वाटल्यासारखं वडिलांबद्दल दोन शब्द सांगितले. मग टाइप केलेला कागद पुढे केला. "तुमच्या भावाशी बोलणं झालंय माझं. इथे सही केलीत की झालं, मॅडम. पेटी लगेच न्या."

तिने कागद वाचला. सदर वस्तू जीर्ण होऊन मोडल्याने टाकून देण्यात आली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "वस्तू मोडलेली नाही. तुमच्या पाठीमागे आहे."

साहेब वळला. त्याने कपांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ही फळी आहे, मॅडम."

"रजिस्टर बघू."

त्याने ते टेबलावर उघडलं. पहिली नोंद म्हणजे बाबांनी भरलेला तो फॉर्मच चिकटवलेला होता, त्यांच्या अक्षरात. ते कोरलेलं अक्षर एकदम समोर आलं तेव्हा तिने टेबलाची कड धरली, आणि मग बोट ठेवून सरळ पुढे वाचत गेली. लांबी आठ फूट. रुंदी दहा इंच. तिसरा रकाना उंचीचा होता. तो छापील शब्द बाबांनी खोडला होता आणि वर 'जाडी' लिहिलं होतं. जाडी दीड इंच.

"काका, टेप आहे?"

"सुतारखात्यात टेप मागतेस? मासळीबाजारात मासा आहे का विचार."

त्यांनी फळीला टेप लावला. आठ फूट. दहा इंच. दीड इंच. केसाचाही फरक नाही.

"दीड इंच जाडीचं कपाट कुणी घरी नेलं असेल, साहेब?" तिचा आवाज चढला नाही. "लपवायचं असतं तर माणसाने मापं लिहिली असती का? आणि या सह्या बघा. अठ्ठावीस वर्षं, दर वर्षी कुणीतरी लिहिलंय: पाहिला. खाली सही."

"त्यांनी बघितलंच नसणार. बसल्या जागी खुणा केल्या असतील."

"शक्य आहे. मग खरोखर बघणारे तुम्ही पहिले. बघितलाय तुम्ही. तुम्हीपण लिहा."

रंगारीकाका खोकले. साहेबाने रुमालाने कपाळ पुसलं. माणूस मुळात वाईट नव्हता. त्याने वाट शोधली आणि त्याला ती सापडलीही.

"ठीक आहे. वस्तू हरवलेली नाही, मला मान्य. चोरीबिरीचा प्रश्नच नाही, मी तसं लिहितो. आपण म्हणू, नोंद चुकली. 'कर्मचाऱ्यास इंग्रजी शब्दाचा अर्थ माहीत नसल्याने चुकीची नोंद झाली.' संपलं. कुणाला दोष नाही. त्यांच्या काळी शिक्षण कुठे होतं एवढं?"

सहज म्हणाला तो, मदत करावी तसं. दादा तिथे असता तर त्याने सुटकेचा श्वास टाकून पेन काढलं असतं. आईसुद्धा कदाचित हो म्हणाली असती. चोर नाही ना ठरले, झालं तर.

तिला मात्र चहाचे कप हातात घेतलेल्या मैत्रिणी आठवल्या. 'असं का? बरं' म्हणणारा तो चेहरा आठवला. हे वाक्य साहेबाच्या आधी कुणीतरी बोललं होतं, आणि ते कोण होतं हे या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली.

"अहो पण मॅडम, यात काय..."

"अर्थ त्यांना माहीत होता. मी सांगितला होता, कोश उघडून. कपबोर्ड म्हणजे कप ठेवायची फळी. सहाशे वर्षांपूर्वी त्याचा हाच अर्थ होता. दारं मागाहून लागली. माझ्या वडिलांनी चुकीचा शब्द लिहिला नाही. त्यांनी जुना शब्द लिहिला, जाणूनबुजून."

"असेल. पण सहाशे वर्षांपूर्वी. आज असं कुणी म्हणत नाही. कबर्डला दार लागतं."

"दारच हवंय ना साहेबांना?" रंगारीकाका मध्येच म्हणाले. "मग हे काय? अख्खी फळीच दाराची आहे. बिजागरीच्या खाचा बघा. नुसतं दार आहे हे, आत-बाहेर काही नाही."

मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेबाचे कान लाल झाले. "हे बघा, मस्करी नको. आज जगात कोण म्हणतं याला कबर्ड? एक माणूस दाखवा."

तेवढ्यात वेल्डर दारातून आत आला. गळ्यात काळा चष्मा, हात काळे, मागचं काही त्याने ऐकलेलं नव्हतं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "रंगारी, माझा कप कुठाय रे? मोरीत नाही."

"सकाळी धुऊन ठेवलास की तूच."

"कुठे?"

"कप-बोर्डावर! तुझ्याच खुंटीवर. डोळे आहेत का बटणं?"

"हां, हां." वेल्डर साहेबाच्या खांद्यामागून हात लांबवून म्हणाला, "साहेब, जरा सरका. कप-बोर्डासमोर उभे आहात तुम्ही."

कुणी हसलं नाही. यंत्राजवळचे दोघे, दाराशी थांबलेला प्लंबर, सगळे साहेबाकडे बघत राहिले. साहेब सरकला. वेल्डरने लोखंडी खुंटीवरून कप काढला, किटलीतून चहा ओतला आणि एवढी शांतता कशाची ते न कळल्यामुळे उभ्या उभ्याच फुरकला.

"ही खोली म्हणते," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं. शब्दाला याहून जास्त काय लागतं, मला माहीत नाही. आणि मी पोटासाठी तेवढंच काम करते." ती थांबली. पुढचं वाक्य साहेबासाठी नव्हतं, पण ते त्याच्यासमोर आणि या सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं. "चूक झालीच असेल तर ती माझी. त्यांचं बरोबर असताना मी एकदा चारचौघांत त्यांना चूक म्हटलं होतं. आता दुसऱ्यांदा त्यावर सही करणार नाही. पेटी ठेवायची तर ठेवा. मी उद्या येईन, परवा येईन. रजा भरपूर शिल्लक आहे माझी."

साहेबाने टॅबलेट उघडला, मिटला. त्याने रजिस्टरातल्या सगळ्या सह्यांवरून एकदा नजर फिरवली. मग रंगारीकाकांनी न मागता पेन पुढे केलं. त्यावरचा ओला हिरवा ठिपका त्याच्या बोटाला लागला.

त्याने लिहिलं: पाहिला. क्षणभर थांबून पुढे जोडलं: मापे तपासली, बरोबर आहेत. सही केली.

"पण एक सांगून ठेवतो," तो रजिस्टर मिटत म्हणाला. "पुढच्या महिन्यात स्टीलचे लॉकर येणार आहेत. प्रत्येकाला एक, कुलपासकट. तेव्हा हे..."

"येऊ द्या," रंगारीकाका म्हणाले. "रंग कोण देणार त्यांना? मीच ना? माझा हात हल्ली फार सावकाश चालतो, साहेब."

*

पेटी जड होती. वेल्डर उचलायला पुढे झाला, पण तिने मान हलवली. आत रंधा, पटाश्या, गुण्या, लहान करवत, आणि एका फडक्यात गुंडाळलेले बोटभर उरलेल्या पेन्सिलींचे तुकडे होते. बाबांनी एकही फेकला नव्हता. ती तिसऱ्या खुंटीखाली थोडा वेळ उभी राहिली. टवक्यापर्यंत हात सहज पोचला असता.

"नेतेस का?" रंगारीकाकांनी विचारलं. "तुला कोण अडवणार आहे?"

"नियम कुणाचा?"

"मिस्त्रीचा."

"मग झालं."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने साहेबाने बाबांच्या वस्तूंसाठी दिलेला पास हातात घेतला, पेटी उघडायला लावली आणि एकेक वस्तू पासाशी ताडून पाहिली. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"हत्यारांची पेटी एक, बरोबर. खाली लिहिलंय, चहाचा कप एक. कप कुठाय, ताई?"

"आत."

"आत म्हणजे? पासावर आहे तर बाहेर जायला पाहिजे."

"नाही जाणार तो."

"मग मी काय लिहू? राहिला कुठे?"

तिने पेटी दुसऱ्या हातात घेतली. कडीने तळहातावर लाल वळ उठला होता.

"कप-बोर्डावर," ती म्हणाली. प स्पष्ट उच्चारून, दोन तुकडे सांध्यात बसवल्यासारखे.

पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग पासाकडे. "खोडायला लागेल मग."

"खोडा," ती म्हणाली, आणि त्याने ओळ नीट खोडेपर्यंत तिथेच उभी राहिली.